बिनतेलाचा घोळाना

"दात कसे हायत तुमचे?"

गुरलिंगअप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. संस्थेनं नांदेडहून लातूरच्या कॉलेजात माझी ग्रंथपाल म्हणून बदली केली होती आणि भाड्याच्या खोलीसाठी मी उन्हातान्हात वणवण करत होते. तोवर जे जे घरमालक भेटले त्यांनी आधी आडनाव विचारलं होतं. आडनाव सांगितलं की बऱ्याच खोल्या एकाएकी भाच्यासाठी नाहीतर गावाकडच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या निघायच्या. त्यामुळे मी आधीच तापलेली होते. आता समोर हा सत्तरीचा उंच माणूस, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, दार अडवून उभा. मनात म्हटलं, विचार बाबा तूही. तर याला माझ्या दातांची चौकशी!

"चांगले आहेत," मी म्हटलं. "चावून दाखवू का?"

"तेच म्हनायलो. बसा."

आतून त्यांनी स्टीलच्या ताटलीत ज्वारीच्या भाकरीचा चतकोर आणि हिरवागार घोळाना आणून ठेवला. मी भोकरची. घोळाना मला नवा नव्हता. करडईचा नाहीतर मेथीचा कोवळा पाला चिरायचा, त्यात कांदा, तिखट, मीठ, शेंगदाण्याचा कूट घालायचा आणि वरून कच्च्या तेलाची धार सोडून हातानं घोळायचा, की झाला घोळाना. पण यात तेल नव्हतं. पानांना काहीतरी दाट, पांढरं, साईसारखं लपेटून बसलं होतं. दही म्हणावं तर आंबटपणा लिंबाचा होता. मी दोन घास खाल्ले. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"तेल मागावं वाटलं का?"

"नाही."

"खरं सांगा."

"थोडं वाटलं."

त्यांनी मान हलवली आणि ताटली उचलली. "खोली वर हाय. जिना भाईरून. कवा येता राहायला?"

आडनाव त्यांना पुढं कधीतरी माझ्या नावाचं पार्सल आलं तेव्हा कळलं. त्यांनी ते वाचलं, पार्सल वर आणून दिलं आणि जिना उतरताना म्हणाले, "उद्या सकाळी जेवू नका भाईर. पाला चांगला आलाय." आमच्यातला आडनावाचा विषय तिथं संपला.

माझ्याआधी ती खोली त्यांनी क्लासच्या पोरांना दिली होती. लातुरात दर दुसऱ्या घरात क्लासची पोरं. पण अप्पांचं त्यांच्याशी जमलं नाही. "दात चांगले त्यांचे," ते म्हणायचे, "पण जीभ गेलेली हाय. पाकिटातल्या मसाल्यानं मारली. त्येन्ला काय बी द्या, मस्त हाय म्हनतेत." मस्त म्हणणाऱ्या माणसावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. चव विचारूच नये, तो दुसरा घास आपणहून घेतो का ते बघावं, असं त्यांचं म्हणणं. आणि तरी प्रत्येकाला ते एक प्रश्न विचारायचेच, तेल मागावं वाटलं का.

गंमत अशी की हा माणूस जन्मभर तेल विकलेला. गंजगोलाईच्या मागच्या बोळात त्यांचं तेलाचं दुकान होतं. करडई, शेंग, कारळ, जवस, सगळ्या तेलांचे वास त्यांना डोळे मिटून ओळखता यायचे. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात आणि अप्पांच्या घरात तेलाचा थेंब नाही. फोडणी नाही, तळण नाही, देवापुढची समईसुद्धा तुपाची. मी वर कांदा परतला की खाली त्यांची खिडकी लागल्याचा आवाज यायचा.

तेलाचे डबे मात्र शिल्लक होते. ते चौकोनी पत्र्याचे डबे गच्चीवर ओळीनं मांडून त्यांत अप्पा पाला लावायचे. मेथी, पाथरी, करडई. त्यांचा घोळाना बघण्यासारखा असायचा. पानं ते विळीवर चिरत नसत, शिरेपासून हातानं तोडत. मग परातीत घेऊन मीठ टाकायचे आणि चोळायला लागायचे. सावकाश, कणीक मळतात तसं. "पाल्याला हात कळतोय," म्हणायचे. पाला काळपट हिरवा होऊन निम्म्यावर बसला की झाकून ठेवायचे. मग रात्री भिजत घातलेली करडई मिक्सरमधून काढून, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून तिचं दूध काढायचे. आपल्याकडे या दुधाची खीर करतात. अप्पा ते भाजलेल्या शेंगदाण्यांत आणि तिळात घालून, लसूण-मिरची टाकून इतकं वाटायचे की बोटावर घेतलं तर कण लागू नये. लिंबू अगदी शेवटी. ते पांढरं दाट वाटण पाल्यावर ओतलं की परत हात. मी एकदा म्हटलं, "अप्पा, करडईत तेल असतंच की. मग हे बिनतेलाचं कसं?"

"आत असलं तर चालतंय," ते म्हणाले. "वरून मागायचं न्हाई."

कोणी मागायचं नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांची एक सवय मला सुरुवातीला शिष्टाचाराची वाटली होती. गच्चीवर नाहीतर ओट्यावर बोलता बोलता ते मध्येच थांबायचे, मान जरा आत वळवायचे, "आलो," म्हणायचे आणि उठून घरात जायचे. थोड्या वेळानं परत येऊन राहिलेलं वाक्य पूर्ण करायचे. घरात काकू असणार, आजारी असणार, असं मी धरून चालले होते. कधी स्वयंपाकघरात ताट-वाटीचा आवाज यायचा. दोन ताटं धुऊन पालथी घातलेली दिसायची. एकदा दिवाळीच्या सुट्टीत गावाला जाताना मी म्हटलं, "काकूंना नमस्कार सांगा."

"सांगतो," अप्पा म्हणाले.

भोकरहून परत आले तेव्हा शेजारच्या मीनाताईंनी मला अंगणात गाठलं आणि सांगितलं की नीलव्वाकाकूंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्या दिवशी जिना जरा घाईनंच चढले. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. वडील विहारात जाऊन आले की जेवणाच्या पंगतीत आम्हाला बजावायचे, डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल तेवढंच खरं. मी तशीच वाढले आणि आजही तशीच आहे. पण खाली कोणी नाही हे कळल्यावर खालून येणारा "आलो" ऐकणं ही वेगळीच गोष्ट होती. मला भीती वाटायची, हे इथं सांगून टाकते.

याच मीनाताईंनी पुढं एक उद्योग केला. बिनतेलाचं खाल्लं की वजन उतरतं, असं त्यांनी मोबाइलवर बघितलं आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या अप्पांकडे शिकायला आल्या. अप्पा खूश. त्यांनी परात मांडली, पाला चोळून दाखवला, करडईचं दूध पिळून दाखवलं, प्रत्येकीला भाकरीबरोबर वाढलं. बायका कौतुक करत होत्या. तेवढ्यात मीनाताई बोट चाटत म्हणाल्या, "अप्पा, लई भारी हो! याच्यावर जरा कच्चं तेल असतं ना, तर काय बगायलाच नको."

अप्पांनी सगळ्यांच्या पुढच्या ताटल्या गोळा केल्या. ज्यांच्या हातात घास होता त्यांचा घास हातातच राहिला. ते आत गेले आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मीनाताई माझ्याकडे बघत, मी परातीकडे. त्यानंतर त्या गल्लीत अप्पांचं नाव निघालं की कोणीतरी कानाशी बोट फिरवायचं. मला त्याचा राग यायचा, पण तोडून बोलावं असं माझ्याकडे तरी काय होतं?

ते मला मिळालं एका हसण्यामुळे.

अप्पांची मुलगी रेखा पुण्याला. तिनं वडिलांचं पाल्याचं वेड बघून एका नव्या परदेशी भाजीचं बी पाठवलं होतं. केल तिचं नाव. करडईचा पाला चार दिवस कोवळा असतो, मग काटे धरतो. केल थंडीभर तोडत राहा, येतच राहते. अप्पांना ती फार आवडली. जाड, कुरळी, हट्टी पानं. तिला करडईपेक्षा दुप्पट चोळावं लागायचं. मला यातलं काही माहीत नव्हतं. कॉलेजातून आले तर ओट्यावर परात. मी विचारलं, "अप्पा, आज काय केलं?"

"केल."

"हो, पण काय केलं?"

"केलच की."

"अहो केलं ते दिसतंय, पण काय?"

"म्याडम, केल! केल केलंय!"

मला हसू आवरेना. पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अप्पाही हसले, पण मधेच थांबले. हात परातीतच होते.

"असंच झालं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"ऐकायला."

आणि मग हात परातीत ठेवूनच त्यांनी सांगितलं. त्यांचं मूळ गाव निलंग्याकडचं, नीलव्वाकाकूंचं माहेर हद्दीपलीकडे बिदरच्या बाजूला. दुकानात मराठी आणि घरात कन्नड. काकूंच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी तेल बंद केलं. दवाखान्यातलं जेवण त्या तोंडात घेईनात. अप्पांनी विचारलं, घोळाना आणू का? काकूंनी मानेनं हो म्हटलं.

"ती घोळान्यावर ही एवढं तेल घ्यायची," अप्पांनी ओंजळ करून दाखवली. "आता बिनतेलाचा नेलो तर खायची न्हाई. मंग करडईचं दूध काढून बगावं म्हनलो. घरी आलो. पयला वाटलो तो कडू झाला. दुसऱ्यांदा वाटायला बसलो, तर दवाखान्याला फोन लावलो. सिस्टरला इचारलो, काय म्हनायली? सिस्टर म्हनली, काका, 'बरी, बरी' म्हनायल्यात. मला लई बरं वाटलं. म्हनलो, बरी हाय, तर घाई कशाला? नीट करून नेऊ."

त्यांचे हात पुन्हा पाला चोळायला लागले.

"मग?"

"डबा घेऊन गेलो तर संपलं होतं सगळं. शेजारच्या खाटंवर हद्दीपल्याडच्या औरादची बाई होती. ती म्हनली, लई बलावल्या तुमाला. बर्री, बर्री म्हनून."

मला अजून कळलं नव्हतं. अप्पांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"बर्री म्हंजे या. आमच्या कन्नडमंदी. मला बलावायची तवा असंच बलावायची, बर्री. सिस्टर परभणीची, तिला काय मालूम? तिनं तिच्या कानानं ऐकली. पर मला तर कन्नड येतंय की! घरात तिच्याबरोबर जलमभर दुसरं काय बोललो? सिस्टर मराठीत बोलायली म्हनून मी मराठीत ऐकलो."

पाला परातीत पाणी सोडत होता. मीठ नको तितकं मुरलं होतं, पण त्या दिवशी तो घोळाना आम्ही दोघांनी तसाच खाल्ला. त्यांनी मला तेलाचं विचारलं नाही.

आता मला सगळा उलगडा झाला आणि त्यानं माझी भीती गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली नाही. तो डबा कोणी उघडलाच नव्हता. ज्यासाठी अप्पा घरी थांबले ते थांबण्याच्या लायकीचं होतं का, हे सांगणारं माणूसच राहिलं नव्हतं. म्हणून ही रोजची परात, हे आमचे दात, तो एकच प्रश्न. ती तेल न मागता खाईल असा घोळाना त्यांना एकदा करायचा होता. आणि मधेच कानावर 'बर्री' आलं की उठून जायचं होतं, कारण एकदा ते उठले नव्हते.

एका दुपारी डोकं दुखतं म्हणून मी लवकर घरी आले. जिन्याखालच्या खिडकीतून कन्नड बोलणं ऐकू आलं. एक जण विचारत होतं, एक जण उत्तर देत होतं. एक आवाज अप्पांचा होता. दुसराही त्यांचाच असणार. मी चपला हातात घेऊन वर गेले आणि दाराला कडी लावली.

थंडी सरता सरता काकूंची धाकटी बहीण गंगव्वा आली. बिदरकडून उदगीरला कोणाच्या तरी लग्नाला आली होती, तिथून वाट वाकडी करून भावजींना भेटायला. सुपारी कातरत मोकळं हसणारी बाई. अप्पा सकाळपासून गच्चीवर. त्या दिवशी त्यांनी केलची सगळ्यात आतली पानं तोडली, करडईचं दूध दोनदा गाळलं. मला खाली जेवायला बोलावलं, पण माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांना ज्या जिभेची वाट होती ती आज आली होती. एकाच आईच्या हातचं खाल्लेली.

मी होते म्हणून दोघं मराठीतच बोलत होते. गंगव्वाबाईंनी घास घेतला. दुसरा घेतला. तिसराही.

"कसा हाय?"

"बरा हाय की."

"तेल मागावं वाटलं का?"

"मागून काय करू भावजी, तुमच्या घरात हाय का तेल?" त्या हसल्या. अप्पा हसले नाहीत.

"नीलव्वा खाल्ली असती का हे?"

"अक्का?" त्यांनी भाकरी मोडता मोडता वर बघितलं. "अक्काला कच्चा पाला कुटं आवडायचा? म्हायेरात घोळाना केला की ही आपला माझ्या ताटात सारायची. तुमाला आवडायचा म्हनून तुमच्या घरी खायला लागली."

"वरून एवढं तेल घेऊन खायची की."

"पाल्याची चव मरावी म्हनून."

अप्पा भिंतीला टेकून बसले. मला वाटलं उठावं आणि त्या बाईचं तोंड धरावं. पण ती वाईट बोलत नव्हती. ती फक्त बहिणीची आठवण काढत होती.

"मी त्या दिवशी नेलो असतो तर?" अप्पांनी विचारलं.

"तुमी काय बी नेलं असतं तरी खाल्ली असती. कवा न्हाई म्हनली ती तुमाला?"

मग अप्पांनी विचारलं आणि मी हातातला घास ताटात ठेवला. जन्मभर जिच्याबरोबर राहिले तिच्याबद्दल ते तिच्या बहिणीला विचारत होते.

"मंग तिला आवडायचं काय?"

गंगव्वाबाईंनी थोडा विचार केला. "स्टँडवरची भजी. गावाकडं येताना पुडा बांधून घ्यायची आमच्यासाठी. येस्टीतच संपायचा. आमाला नुसता तेलकट कागद." आणि त्या पुन्हा हसल्या, पदरानं डोळे पुसले.

गंगव्वाबाई गेल्या त्या दिवसापासून अप्पांनी परात काढली नाही. गच्चीवर केल दांड्यावर गेली, तिला पिवळी फुलं आली. मला जेवायला बोलावणं थांबलं. मला वाटलं होतं त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, निदान रडतील तरी. तसं काही झालं नाही. ते ओट्यावर बसायचे, मी बसले तर बोलायचे, वाक्य मधे तुटायचं नाही. पूर्वी 'आलो' ऐकून अंगावर काटा यायचा. आता 'आलो' ऐकू येत नाही म्हणून काटा यायचा. घरात कोणी उरलं नव्हतं आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

उन्हाळ्यात माझी परत नांदेडला बदली झाली. सामान आधीच पाठवलं होतं. निघताना अप्पा घरी नव्हते, दाराला कुलूप होतं. मला जरा रागच आला. इतके दिवस माझे दात वापरले आणि निरोपाला माणूस नाही! किल्ली मीनाताईंकडे देऊन मी ऑटोनं स्टँडवर आले.

नांदेडची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. समोर कॅन्टीन, तिथं कढईभोवती ही गर्दी. आणि आतल्या बाजूच्या टेबलावर, भिंतीकडे पाठ करून, गुरलिंगअप्पा बसले होते. पांढरा सदरा, कपाळाला विभूती. पुढं कागदाच्या दोन प्लेटा. एक त्यांच्यापुढं, एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. दोन्हींत गरम भजी. त्यांनी एक भजं तोंडात घातलं, चावलं, आणि हाताचं तेल पुसलं नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी मागं यायला लागली. अप्पांनी आपल्या प्लेटमधली तळलेली मिरची उचलली, मिठात टेकवली आणि समोरच्या प्लेटमध्ये ठेवली. मिरची तिला आवडायची, एवढं तरी त्यांना माहीत असावं.